मान ताठ, नजर समोर

आईच्या ड्रायव्हिंग क्लासमध्ये पहिल्या दिवशी गाडी सुरूच होत नसे. शिकायला आलेल्या बाईला ती नुसतं चालकाच्या सीटवर बसवायची, पाठ टेकायला लावायची आणि मागच्या उशीला डोकं टेकलं आहे का, हे मध्ये बोट घालून बघायची. मग ठरलेलं वाक्य यायचं. "मान ताठ, नजर समोर. इकडेतिकडे बघायचं ते डोळ्यांनी. मान फिरली की हात फिरतो, आणि हात फिरला की आपण गटारात."

हे तिने कुठे वाचलेलं नव्हतं. बायकांना शिकवता शिकवता तिच्या लक्षात आलं होतं, की नवखं माणूस ज्या बाजूला तोंड वळवतं त्याच बाजूला नकळत स्टिअरिंग ओढतं. म्हणून तिने मानच बंद करून टाकली. उपाय लागू पडला. तिच्या हाताखालून गेलेली एकही बाई गटारात गेली नाही आणि याचा तिला फार अभिमान होता. फाटकावरच्या पाटीवर क्लासचं नाव, फोन नंबर आणि त्याखाली ही ओळ तिने रंगवून घेतली होती: मान ताठ, नजर समोर. बाबा म्हणायचे, "काठी गिळल्यासारखी बसून गाडी चालवणारी बाई रस्त्यात दिसली की समजावं, ही आपल्याकडची."

बाबा शिंपी. पुढच्या खोलीत त्यांची मशीन आणि कापड बेतायचं लांबलचक टेबल, बाहेर अंगणात आईची दोन ब्रेकची गाडी. एक ब्रेक शिकणारीच्या पायाशी, दुसरा शेजारी बसणाऱ्या आईच्या पायाशी. मी भौतिकशास्त्राची पदवी घेऊन नुकतीच घरी आले होते आणि पुढे काय करणार, या प्रश्नाला रोज वेगळं उत्तर देत होते.

अपघात झाला तेव्हा गाडीत आई एकटीच होती. एका विद्यार्थिनीला घरी सोडून ती परत येत होती. वस्तीबाहेर छोटा रस्ता मोठ्या रस्त्याला तिरका जाऊन मिळतो, तिथे सगळं मोकळं आहे. झाड नाही, भिंत नाही, जाहिरातीचा फलकसुद्धा नाही. सकाळचं स्वच्छ ऊन होतं. आईने वेग कमी केला, दोन्हीकडे बघितलं, कुणी नाही म्हणून पुढे निघाली, आणि तिच्याच बाजूच्या पुढच्या चाकावर एक स्कूटर येऊन आदळली. स्कूटरवर एक प्लंबर होता. त्याची हत्यारं रस्ताभर उडाली आणि डावा पाय मोडला.

त्यानंतर आईने जे जे केलं ते सगळं बरोबर होतं. गाडीचे चारही दिवे लुकलुकते ठेवले. डिकीतले शिकवणीचे नारिंगी शंकू काढून त्याच्या अलीकडे रस्त्यावर मांडले, म्हणजे मागून येणाऱ्यांना लांबूनच कळावं. जमलेल्या लोकांना त्याला उचलू दिलं नाही, हेल्मेट ओढून काढू दिलं नाही. रुग्णवाहिका येईपर्यंत त्याच्या डोक्याशी बसून त्याला बोलतं ठेवलं. पोलिसांना स्वतःहून सांगितलं, "मी छोट्या रस्त्यावरून येत होते. थांबायला मी हवं होतं. चूक माझी." त्याबद्दल कुणाचाच वाद नव्हता.

वाद निघाला तो दवाखान्यात. आम्ही तिघं प्लंबरला भेटायला गेलो, तर तो पाय उशांवर ठेवून पडला होता आणि त्याची बायको शेजारच्या स्टुलावर बसून मोसंबं सोलत होती.

"आता कसं वाटतंय?" बाबांनी विचारलं.

"पाय सोडून सगळं ठणठणीत आहे," तो म्हणाला. "पण पाय सोडून मी करू काय? नळ काय झोपून दुरुस्त करायचे?"

"सिंकखाली झोपूनच तर करता," बायको म्हणाली.

आई पलंगाच्या कडेला उभी होती. घरून ठरवून आणलेलं वाक्य तिने एका दमात म्हणून टाकलं. "मी त्या बाजूला बघितलं होतं हो. नीट बघितलं होतं. पण तुम्ही नव्हतात."

"मी नव्हतो? मग आदळलं कोण?" तो कोपरावर उठायला गेला आणि कळ येऊन परत पडला. "हे बघा बाई, घाई होती म्हणा, डोक्यात दुसरं काही होतं म्हणा, मी समजून घेईन. माणूस आहे, होतं. पण मी दिसलो नाही असं म्हणू नका. तुम्ही सरळ माझ्याकडे बघत होतात. माझ्या डोळ्यांत! म्हणून तर मी हॉर्न दिला नाही. म्हटलं, बाईंनी बघितलंय, थांबतील."

"नाही हो," आई म्हणाली.

"हो हो," तो म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिला.

घरी आल्यावर आईने गाडीची किल्ली बाबांच्या दोऱ्यांच्या फळीमागच्या खिळ्याला अडकवली. "रविवारी पाटी उतरवून ठेवा," ती बाबांना म्हणाली. "क्लास बंद."

"अगं, लगेच काय? डोळे तपासून घे आधी."

"तपासले. चष्मासुद्धा लागलेला नाही." ती टेबलाशी बसली आणि कापडाचा एक तुकडा उगाच घडी घालत राहिली. "चूक झालेला माणूस शिकवू शकतो. उलट जास्त चांगलं शिकवतो. पण माझी कुठली चूक झाली, हेच मला माहीत नाही. माणूस पुढ्यात असतो आणि मला दिसत नाही. मग उद्या शेजारी बसून मी कुणाला काय सांगू? की बघ, बघूनही काही उपयोग नाही?"

आई एकदा घडी घालायला लागली की तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो.

मी मात्र रात्रभर एकाच गोष्टीपाशी अडकले. प्रयोगशाळेत दोन मोजमापं जुळत नाहीत, तेव्हा आधी माणसांवर संशय घ्यायचा नसतो, मांडणीवर घ्यायचा असतो. आई खोटं बोलत नव्हती. मी तिला ओळखते; ती स्वतःचं वजनसुद्धा खरं सांगते. पण प्लंबरच्या आवाजातही खोटं नव्हतं. दोघंही खरं बोलत असतील, तर त्या तिठ्यावर असं काय होतं की एकाला दुसरा दिसतो आणि दुसऱ्याला पहिला दिसत नाही?

गॅरेजवाल्याने गाडी ठीकठाक करून अंगणात आणून लावली, तेव्हा मी आत जाऊन बसले. आईसारखी बसले. पाठ टेकून, डोकं उशीला, मान ताठ. समोर अंगण, पलीकडे फाटक. बाबा तयार कपडे घालून बघायचा त्यांचा पुतळा बगलेत मारून फाटकाकडून घराकडे येत होते. पुतळ्याला मान होती, डोकं नव्हतं, अंगावर अर्धवट शिवलेला कोट होता. मी रस्त्यावर बघावं तशी नुसती नजर फिरवली. अंगण रिकामं होतं.

बाबा आत गेले असतील असं समजून मी नजर परत आणली. मग वाटलं, दार वाजलं नाही. मी जरा पुढे वाकले, तर समोरची काच आणि दार यांच्यामधल्या खांबाआडून आधी पुतळा निघाला आणि मग बाबा. मध्येच उभे राहून ते दातांत अडकलेलं काहीतरी काडीने काढत होते.

"बाबा, हलू नका!" मी ओरडले.

त्यांनी काडी झटकन लपवली. "काय झालं? साप?"

मी मागे टेकले. बाबा आणि पुतळा दोघंही गेले. पुढे वाकले, आले. टेकले, गेले. खांब तळहाताहून थोडा रुंद, आतून जाड आवरण लावलेला. दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा तो रुंद होता, हे महत्त्वाचं. बोट नाकासमोर धरलं तर त्यामागचं काहीच लपत नाही, कारण एक डोळा नाही तर दुसरा बघतो. पण डोळ्यांमधल्या अंतराहून रुंद वस्तू समोर आली, तर तिच्यामागे दोन्ही डोळ्यांना न दिसणारी एक पट्टी तयार होते, आणि लांब जाईल तशी ती पट्टी रुंदावत जाते. अंगणाच्या टोकाला त्यात बाबा मावत होते. रस्त्यावर स्कूटरसकट प्लंबर सहज मावला असता.

पण एवढ्याने भागत नव्हतं. बाबा उभे होते. प्लंबर तर येत होता. येणारा माणूस खांबाआडून कधी ना कधी बाहेर पडायलाच हवा. तो पडला का नाही?

कापड बेतायच्या टेबलावर मी खडूने तिठा काढला. बाबांच्या डब्यातली दोन बटणं घेतली, एक गाडी, एक स्कूटर, आणि दोन्हींना दोरा बांधला.

"कोटाची आहेत ती," बाबा म्हणाले. "हरवू नकोस, जोडी मिळत नाही."

दोन्ही बटणं मी रस्त्यांवरून थोडी थोडी सरकवत नेली. आईचा वेग कमी, प्लंबरचा जरासा जास्त, दोघंही एकाच वेळी तिठ्यावर पोचतील अशी. प्रत्येक वेळी दोरा ताणून तो कुठल्या दिशेला जातो हे खडूने रेखलं. टेबलावर रेघा उमटत गेल्या. सगळ्या रेघा समांतर होत्या. दोरा आखूड होत होता, पण वळत नव्हता. जे दोघं एकमेकांवर आदळणारच आहेत, ते एकमेकांना शेवटपर्यंत त्याच दिशेला दिसत राहतात. बाजूला सरकून खांबाआडून बाहेर येतो तो माणूस तुमच्या आधी किंवा तुमच्या नंतर निघून जाणारा असतो. जो आदळणार असतो, नेमका तोच लपून राहतो.

मी वर बघितलं. आई दारात उभी होती, किती वेळ कुणास ठाऊक.

"झालं का संशोधन, शास्त्रज्ञ?"

"आई, तो खांबाआड होता. पूर्ण वेळ. रस्ता तिरका आहे म्हणून..."

"बटणं कुणाला आदळत नाहीत," ती म्हणाली. "तू मला पळवाट शोधून देते आहेस. मला नको. म्हणे खांब! गाडीला खांब पहिल्यापासून आहे. लाखो लोक चालवतात."

"मी पळवाट शोधत नाहीये."

"मग काय शोधते आहेस?"

"तू म्हणालीस ना, कुठली चूक तेच माहीत नाही? ती."

ती वळून आत गेली. पण टेबलावरच्या रेघा पुसायला तिने बाबांना मनाई केली, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं.

बटणांनी ती पटणार नव्हती. आणि एक गोष्ट मलाही अजून सुटली नव्हती. खांबाने आईला प्लंबर दिसू दिला नाही, मग प्लंबरला आईचे डोळे कसे दिसले? प्रकाशाला जायला एक आणि यायला दुसरा, असे दोन रस्ते नसतात. तिच्या डोळ्यांपासून त्याच्यापर्यंत खांब आडवा आला असेल, तर त्याच्यापासून तिच्या डोळ्यांपर्यंतही आलाच पाहिजे. त्याने खरंच डोळे बघितले असतील तर माझं सगळं गणित चूक होतं. हे तोच सांगू शकणार होता.

प्लंबर आता घरी होता, चाकांच्या खुर्चीत. मी जाऊन सगळं सांगितलं आणि रविवारी सकाळी शिकवणीच्या मैदानावर येता का, म्हणून विचारलं.

"म्हणजे पुन्हा आदळायला?" तो म्हणाला. "एक पाय शिल्लक आहे तो बघवत नाही का तुम्हाला?"

"गाडी बंद असेल. आम्ही ढकलणार आहोत."

"आणि त्यात माझा फायदा?"

त्याची बायको आतून म्हणाली, "जा की. एवीतेवी रोज झोपेत तेच बडबडता. बघितलं होतं, बघितलं होतं. एकदाचा निकाल लावून या."

तो थोडा वेळ प्लॅस्टरवर बोटांनी ताल धरून बसला. "खरं सांगू? मलाही कळत नाहीये," तो म्हणाला. "त्या बाई माझ्या डोक्याशी बसल्या होत्या. मला हलू दिलं नाही, बोलत ठेवलं. असं माणूस खोटं कशाला बोलेल? आणि त्या खोटं बोलत नसतील, तर मग मी बोलतोय." त्याने मान झटकली. "येतो. पण ढकलायला दणकट माणूस आणा. तुमच्याने सायकल ढकलवणार नाही."

दणकट माणूस म्हणून मी बेकरीवाल्या काकूंना बोलावलं. आईच्या सगळ्यात जुन्या विद्यार्थिनींपैकी त्या एक. मैद्याची पोती एकट्या उचलतात. आईला मैदानावर आणलं ते बाबांनी. काय सांगितलं देव जाणे. त्यांच्या खिशातून स्क्रूड्रायव्हर डोकावत होता, कारण तिथून परतल्यावर पाटी उतरवायची होती.

मी शंकू मांडून तिठा तयार करून ठेवला होता. तसाच तिरका. गाडीच्या जागा आणि स्कूटरच्या जागा जोडीजोडीने चुन्याने आखल्या होत्या. आईने चाकांच्या खुर्चीतल्या प्लंबरला बघितलं, नमस्कार केला, आणि माझ्याकडे असा कटाक्ष टाकला की घरी गेल्यावर माझं काही खरं नव्हतं.

"मी इंजिन सुरू करणार नाही," ती म्हणाली.

"नकोच आहे. तू नुसती बस. नेहमीसारखी."

ती बसली. पाठ टेकली, डोकं टेकलं, मान ताठ झाली. हातात किल्ली नव्हती एवढंच, बाकी सगळं नेहमीसारखं होतं.

बाबांनी प्लंबरची खुर्ची पहिल्या खुणेवर नेली. मी आणि काकूंनी गाडी पहिल्या खुणेवर ढकलली.

"बाई, मी दिसतो का?" प्लंबर ओरडला.

आईने डोळे फिरवले. "कुठे आहात?"

"इथेच!"

"इथे म्हणजे कुठे?"

"ही चेष्टा चालली आहे," तो बाबांना म्हणाला. "मला त्यांचं तोंड दिसतंय. आजही माझ्याकडेच आहे."

"काय काय दिसतंय ते सांगा," मी म्हणाले. "घाई नको. एकेक सांगा."

"काय काय म्हणजे? तोंड. केस दिसताहेत एका बाजूला. कानातलं चमकतंय. खांबाच्या दुसऱ्या बाजूला गाल दिसतो, थोडा..." तो थांबला. त्याने हाताने डोळ्यांवर सावली धरली.

"आणि डोळे?"

त्याने डोळे बारीक केले.

"पुढची खूण," मी म्हणाले. बाबांनी खुर्ची पुढे नेली, आम्ही गाडी पुढे ढकलली. काकूंच्या कपाळावर घाम आला होता. अंतर कमी झालं. मी पुन्हा विचारलं, "डोळे दिसतात?"

"केस. कानातलं. गाल."

"डोळे?"

"नाही," तो हळूच म्हणाला. "खांब आहे." मग जोरात, जणू कुणीतरी त्याच्याशी भांडत होतं, "पण मी बघितले होते! मला आठवतात!"

"तोंड तुमच्या बाजूला होतं, तेवढंच तुम्ही बघितलंत," मी म्हणाले. "आपल्या बाजूच्या तोंडावर डोळे असतातच. ते आपण मनाने बसवतो. मीसुद्धा बसवले असते."

शेवटच्या खुणेवर तो गाडीपासून इतका जवळ होता, की काकूंनी लांब हात केला असता तर खुर्चीला लागला असता. आई आतून विचारत होती, "आलात का?" तिच्या आवाजात आता कुतूहल नव्हतं, भीती होती.

"आई, आता मान हलव. पुढे वाक."

ती हलली नाही. इतक्या वर्षांची सवय तिच्या मानेत बसली होती.

"बाई, वाका की हो," प्लंबर म्हणाला.

आई पुढे वाकली, आणि तिच्या समोर, काचेच्या अगदी पलीकडे, प्लॅस्टरमधला पाय पुढे करून बसलेला अख्खा माणूस उगवला. "अहो!" एवढाच शब्द तिच्या तोंडून निघाला. दोघंही एकमेकांकडे बघत राहिले. या वेळी खरोखर, डोळ्यांत.

आई मागे टेकली, पुन्हा वाकली, पुन्हा टेकली. मी अंगणात केलं होतं तसंच. मग दार उघडून खाली उतरली आणि बोनेटला हात टेकून उभी राहिली.

"म्हणजे खांबामुळे," बाबा म्हणाले. त्यांच्या आवाजात सुटका होती. "तुझी चूक नव्हतीच."

"चूक माझीच," आई म्हणाली. "तिथे थांबले असते तर तेवढ्यात हे पुढे आले असते, दिसले असते. आणि मान हलवली असती तरी दिसले असते. खांब काय, सगळ्याच गाड्यांना असतो. लाखो लोक चालवतात, कारण लाखो लोक मान हलवतात. नुसत्या सवयीने." ती काकूंकडे वळली. "तुम्ही बसा बघू."

"मी?"

"बसा. मी शिकवलं तशा."

काकू सीटवर बसल्या. पाठ टेकली, डोकं टेकलं, मान ताठ.

"हे कुठे आहेत?"

काकूंनी इमानदारीने डोळे फिरवले. "कोण? प्लंबर? ते गेले ना तिकडे?"

प्लंबर जागचा हललेला नव्हता. कुणीच हसलं नाही.

आईचा चेहरा मी तेव्हा बघितला तसा कधी बघितला नव्हता. ती गावभरच्या रस्त्यांवरून आत्ता, या क्षणी, काठी गिळल्यासारख्या बसून जाणाऱ्या बायकांचा विचार करत होती, हे सांगायला मला शास्त्र शिकायची गरज नव्हती.

"सगळ्यांना बोलवायचं," ती म्हणाली. "एकूणएक. ज्या सापडणार नाहीत त्यांच्या घरी जायचं."

"सगळ्यांना?" बाबा म्हणाले. "किती वर्षांच्या? आणि काय सांगणार?"

"की बाईंनी चुकीचं शिकवलं. परत शिका." ती बोनेटवर बोट आपटत होती. "मानेने बघायचं, पण हात स्थिर ठेवायचे. दोन्ही जमतं, जमायलाच हवं. मी सोपी वाट काढली होती. मान बांधली, कारण हात मानेपासून सुटे ठेवायला शिकवण्यात वेळ लागला असता."

"मग पाटीचं काय?" बाबांनी खिशातल्या स्क्रूड्रायव्हरवर हात ठेवून विचारलं.

"उतरवा ना. खालची ओळ खरवडायची आहे."

आई प्लंबरसमोर जाऊन उभी राहिली. "तुम्ही खोटं बोलत नव्हतात," ती म्हणाली.

"तुम्हीही नाही. ते झालं." त्याने प्लॅस्टर थोपटलं. "पण माफ केलं वगैरे माझ्याकडून ऐकायला मिळेल असं समजू नका. पाय माझा आहे. अजून रात्री ठणकतो."

"मी मागितली नाही."

"मागितली असती तर वेळ मागून घेतला असता." मग तो चिडलेल्याच आवाजात म्हणाला, "एक मात्र आहे. आता समोरच्याचं तोंड माझ्याकडे आहे म्हणून मी गप्प बसणार नाही. हॉर्न देईन, वेग कमी करीन. मलासुद्धा कुणी शिकवलं नव्हतं." त्याने आजूबाजूला बघितलं. "बरं, मला घरी कोण सोडणार? येताना मेव्हण्याने सोडलं, तो गेला कामावर."

बाबांना गाडी चालवता येत नाही. काकूंनी माझ्याकडे बघितलं, मी आईकडे. बाबांनी दुसऱ्या खिशातून किल्ली काढली. खिळ्यावरून ती त्यांनी केव्हा उचलली होती, त्यांनाच माहीत.

आईने किल्ली हातात घेऊन जरा तोलून बघितली. मग मागचं दार उघडलं. "बसा, पाय लांब करता येईल."

"मागे नाही," प्लंबर म्हणाला. "पुढे. त्या दुसऱ्या ब्रेकपाशी. माझा उजवा पाय अजून चालतो."

"बसा पुढे," आई म्हणाली.

त्याला आत घ्यायला आम्हाला बरीच झटापट करावी लागली. सीट पार मागे सरकवली, प्लॅस्टरचा पाय तिरपा ठेवला, उजवं पाऊल ब्रेकवर. आईने त्याचा पट्टा लागला का हे ओढून बघितलं, मग आपला लावला. मी मागे बसले. शंकू गोळा करायला बाबा आणि काकू मैदानावर राहिले.

आईने इंजिन सुरू केलं. तिचे हात पांढरे पडले होते, पण स्टिअरिंग हलत नव्हतं.

त्याच्या घराचा रस्ता त्याच तिठ्यावरून जातो. दुसरा, लांबचा रस्ताही आहे. फाट्याशी आईने वेग कमी केला, तेव्हा मला वाटलं ती तिकडे वळणार. ती वळली नाही. छोटा रस्ता संपत आला, पुढे मोठा रस्ता तिरका, मोकळा, उन्हात रिकामा दिसत होता. अपघाताच्या दिवशी पोलिसांनी आखलेली चुन्याची एक पुसट खूण रस्त्यावर अजून होती.

आईने गाडी पूर्ण थांबवली. वेग कमी करून नव्हे, थांबवली. मग ती पुढे वाकली, खांबापलीकडे बघितलं. मागे झाली, खांबाअलीकडे बघितलं. दुसऱ्या बाजूला मान वळवली आणि पुन्हा पहिल्या बाजूला. हात जागच्या जागी होते. शेजारी प्लंबरही तिच्याबरोबर वाकत होता, मागे होत होता, जणू दोघांना एकाच दोऱ्याने बांधलं होतं.

खांबाआडून एक स्कूटर निघाली. त्यावरची बाई भाजीची पिशवी पायांत धरून, गुणगुणत गेली. तिला आमच्याकडे बघायची गरजही वाटली नाही.

ती दिसेनाशी झाली तरी गाडी हलेना. आईने खाली बघितलं. प्लंबरचा पाय त्याच्या ब्रेकवर घट्ट रोवलेला होता.

"मी थांबलेलीच आहे हो," आई म्हणाली.

"माहीत आहे." त्याने पाय काढला नाही. "पुन्हा एकदा बघा."

आई पुन्हा पुढे वाकली. पुन्हा मागे झाली. "कुणी नाही," ती म्हणाली. "तुम्ही बघा."

तो वाकला. त्याने तिच्याहून जास्त वेळ घेतला.

"नाही कुणी," तो म्हणाला आणि पाय उचलला.